स्टेशनवर मी स्वतः येतो

पौषात आंब्याला मोहोर आला की आमच्या रत्नागिरीत सकाळी एक आंबूस-गोड, किंचित गुंगी आणणारा गंध हवेत पसरतो आणि रस्ता ओलांडून, जिना चढून, संगणकांच्या पंख्यांनी तापलेल्या माझ्या खोलीतही शिरतो. पडद्याच्या निळसर उजेडात दिवस काढणाऱ्या मला ऋतू कळतो तो एवढाच. लोकांच्या वेबसाइट करून देणं हा माझा व्यवसाय. बागायतदार, खाणावळी, लग्नाची कार्यालयं, समुद्राकाठची घरगुती निवासं, ज्याला त्याला जगाच्या दिशेनं उघडणारं एक दार मी बसवून देते आणि किल्ली मालकाच्या हाती ठेवून बाजूला होते. दुसऱ्याच्या घराची किल्ली आपल्यापाशी ठेवू नये, ही या धंद्यातली सभ्यता आहे. हल्ली मात्र मला या सभ्यतेचा राग येतो.

मालगुंडच्या मधूदादांची साइट मीच केली. नारळी-पोफळीच्या आगरात पाहुण्यांसाठी तीन खोल्या, पुढे अंगणाचं सारवलेलं खळं आणि पलीकडे अहोरात्र समुद्राची गाज. पहिल्या पानावर मला कलत्या उन्हातला समुद्र हवा होता, पण दादा ऐकायला तयार नव्हते. "समुद्र सगळ्यांनीच टाकलाय गो," ते म्हणाले. "माझा फोटो टाक, म्हणजे उतरल्यावर लोकांची शोधाशोध नको." मग पांढऱ्या टोपीतला त्यांचा हसरा चेहरा पानभर आला आणि त्याखाली ठळक अक्षरांत त्यांचीच ओळ: ‘रत्नागिरी स्टेशनवर घ्यायला मी स्वतः येतो.’ बुकिंग झालं की पाहुण्याला आपोआप जाणाऱ्या निरोपातही त्यांनी तीच ओळ घालायला लावली. दरवर्षीची कटकट नको म्हणून साइट चालवणाऱ्या कंपनीकडे पुढच्या कित्येक वर्षांचे पैसेही एकदम भरून टाकले. कोकणातला माणूस एकदा शब्द दिला की असा पक्का बंदोबस्त करून मोकळा होतो.

दीड वर्षापूर्वी, श्रावणातल्या एका ओल्या दुपारी, खळ्यात नारळ सोलता सोलता दादा गेले. तेराव्यानंतरही त्यांचा फोन वाजत राहिला, पलीकडून कोणीतरी उमदेपणानं ‘दादा आहेत का’ विचारत राहिलं आणि वहिनींना, त्यांच्या पत्नीला, ते सोसेना. त्यांनी तो नंबर बंद करून टाकला. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. पण साइटची, मेलची, सगळ्याची किल्ली त्या नंबरावर येणाऱ्या ओटीपीत होती, आणि नंबर गेला तशी तीही गेली.

तेव्हापासून दादांची साइट आमच्याविना बिनबोभाट चालू आहे. पाहुणे तारीख निवडतात, दादांच्या नावानं निरोप जातो, बुकिंगची पत्रं कोणालाच उघडता न येणाऱ्या पेटीत पडत राहतात. पाहुणे स्टेशनवर उतरून टोपीवाले काका शोधतात आणि ते दिसले नाहीत, की स्वयंपाकाच्या चौकशीसाठी दिलेल्या दुसऱ्या नंबरावर, म्हणजे वहिनींना, फोन करतात. "तेवढी ओळ काढ गो," वहिनी मला म्हणाल्या. "फोटो राहू दे. पण दरवेळी परक्या माणसाला ते गेले म्हणून सांगायचं म्हणजे परत एकदा त्यांना पोचवून आल्यासारखं होतं."

एक ओळ. एरवी चहा निवायच्या आत मी पुसली असती. मी कंपनीला लिहिलं, मृत्यूचा दाखला पाठवला. तिकडून यंत्राचं अदबशीर उत्तर आलं, की सुरक्षेच्या कारणास्तव खातेदारानं स्वतः संपर्क साधावा. जुन्या नंबरावर फोन केला तर तो आता भलत्याच कोणा बाईंचा. त्यांच्याकडे ओटीपी मागताना माझं मलाच कळत होतं, की भामटे नेमके असेच बोलतात. त्यांनी फोन ठेवला आणि योग्यच केलं. नवी साइट उभी केली, पण शोधणाऱ्यांना जुनीच आधी सापडते, कारण ती जुनी आहे आणि लोकांनी तिच्यावर भरभरून लिहिलंय. मी केलेलं काम इतकं चांगलं झालं होतं, याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

परवा वहिनी माझ्या खोलीत बसल्या होत्या. काही जमलं का, हे त्या आता विचारत नाहीत, नुसत्या येऊन बसतात. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नाशिकचं एक वयस्कर जोडपं स्टेशनवर उतरून वाट पाहत होतं. आम्ही दोघी रिक्षा करून निघालो. वाटेवर कातळावरचं गवत उन्हात पिवळं पडलं होतं, वाऱ्यात तोच मोहोराचा गंध होता, आणि वहिनी पुटपुटत वाक्य जुळवत होत्या: "सरळ सांगून टाकते. ते दीड वर्षापूर्वी गेले. संपलं."

स्टेशनबाहेर ते दोघे सामानाजवळ उभे होते. आजींच्या हातातल्या मोबाइलवर दादांचा चेहरा उघडा होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक माणसाशी त्या तो ताडून पाहत होत्या. वहिनी पुढे झाल्या, त्यांनी फोटोकडे पाहिलं, आजींच्या आशाळभूत चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"आज त्यांना यायला नाही जमलं," वहिनी म्हणाल्या.

इतकं सहज, इतकं घरच्यासारखं ते वाक्य आलं की क्षणभर मलाही दादा आगरात कुठेतरी कामात अडकले असतील असं वाटलं, आणि त्या सुखाची मला भीती वाटली. पुढे होऊन खरं काय ते सांगावं, असं मनात आलं. पण साइटसारखंच हे पानही माझ्या हातात नव्हतं.

"असू दे, असू दे," आजी हसून म्हणाल्या. "निघायच्या दिवशी तरी भेटतील ना?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी वळून रिक्षावाल्याला मालगुंडचं भाडं विचारू लागले.