बरोबर कोण आलंय?

अमरावतीत मेंदूचा डॉक्टर म्हटलं की लोक खारोडे सरांचंच नाव घेत. नागपूरला एम.डी., मग मुंबईहून डी.एम. करून माणूस पुण्याकडे न पळता इकडे परतला, हेच मुळात नवल! लकवा, मिरगी, कंपवात, अर्धशिशी, सगळं त्यांच्याच दारात. हाताला गुण, जीभ मात्र तिखट. मिरगीच्या पेशंटनं एकट्यानं यायचं नाही, हा त्यांचा दंडक. फिट ज्याला येते त्याला काहीच ठाऊक नसतं. डोळे कुठं फिरले, कोणता हात आधी झटकला, ते पाहणाऱ्यानंच सांगायचं. वऱ्हाडात पाहणाऱ्यांना काय तोटा? एका पेशंटमागे चौघं यायचे, आणि चप्पल हुंगवली म्हणून सरांच्या शिव्या खायचे.

रिद्धपूरची म्हातारी गोदाबाई तेवढी एकटी आली. बरोबर कोण आलंय, म्हणून सरांनी दरडावलं.

"मी एकलीच आहो घरात. मले कोन पाहीन?"

मग शेजारीण आणा, असं सांगून सरांनी तिला वाटेला लावलं. ती पुन्हा आलीच नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात एका सकाळी सरच स्वयंपाकघरात फरशीवर जागे झाले. चहाचं भांडं करपलेलं, जीभ चावलेली. पण जीभ काय, नुसतं पडतानाही चावली जाते! बायको साधना जाऊन काही वर्षं झालेली, मुलगी कॅनडात. चक्कर होती की फिट, सांगणार कोण? फिट ठरली तर गाडी चालवणं बंद. म्हणजे दर गुरुवारी अकोल्याला पेशंट बघायला जाणंही बंद. साधनामागे माणसांत मिसळायचं तेवढंच एक निमित्त उरलं होतं.

त्या गुरुवारी ते एसटीनं अकोल्याला गेले, पेशंट म्हणून. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या डॉ. मिस्बाहचा तिथं दवाखाना आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि त्यांनीच लावलेल्या सवयीनं विचारून बसली, "सर, बरोबर कोण आलंय?"

विचारलं आणि ओशाळली बिचारी. सर शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले.

"घरात मी एकटाच आहे, मिस्बाह. मला कोण पाहणार?"

बोलता बोलता त्यांना गोदाबाई आठवली, आणि चावलेली जीभ पुन्हा दुखली.

चाचण्या करूच, मिस्बाह म्हणाली; पण शेजारपाजारचं कुणी आलं असेल, काही ऐकलं असेल, नाव सांगा, मी फोन करते. सरांच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारच्या घरातल्या माणसाचं नाव त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.