तीन गिरक्या आणि थांब

माझा धाकटा भाऊ विमानाच्या कसरती आधी आमच्या बोरिवलीच्या गच्चीवर चालून करायचा. पाण्याच्या टाक्यांमधून, डोळे अर्धवट मिटून, उजवा तळहात विमान समजून पुढे धरलेला. हात वर गेला की मान वर, हात उलटा झाला की कंबर वाकडी. कसरती करणारे सगळेच वैमानिक उड्डाणाआधी असा सराव करतात, असं त्याने मला शपथेवर सांगितलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मात्र लिफ्टमध्ये मला हळूच विचारलं, "त्याच्या लग्नाचं बघताय ना?"

आठवडाभर तो मोठ्या विमानातून प्रवासी पोचवायचा. "बस चालवतो गं नुसती," म्हणायचा. त्याचा जीव अडकला होता तो मित्राच्या दोन सीटच्या, खास कसरतींसाठी बनवलेल्या खाजगी विमानात. कुठली कसरत कुठल्या क्रमाने, ते एका कार्डावर लिहिलेलं असे. ते वाचून दाखवणं माझं काम. शेवटची कसरत गिरक्यांची. विमान मुद्दाम गोल फिरत खाली पडू द्यायचं, तीन गिरक्या झाल्या की थांबवायचं आणि वर काढायचं. मी मोजायची, तो जागच्या जागी फिरायचा आणि मी "थांब" म्हटलं की थांबायचा. कधी मी मुद्दाम उशीर करायची. मग साहेब भेलकांडत आईच्या वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांवर.

"मेल्या, माझी सोलां!" कावळे हाकत बसलेली आई ओरडायची. मग माझ्याकडे बघून म्हणायची, "तुझां बरां ऐकता तो. माझां कोण ऐकता?"

गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी भाऊ विमान घेऊन वर गेला, तेव्हा त्याच्या मित्राने धावपट्टीवरून व्हिडिओ कॉल लावला. ती धावपट्टी आमच्यापासून चार-पाच तासांवर. मी फोन हळदीच्या डब्याला टेकवून ओट्यावर ठेवला. आई बांगडे साफ करत होती. कार्ड मला तोंडपाठ होतं, त्यामुळे मी क्रिकेटची कॉमेंट्री करावी तशी सुरू झाले. आता कोलांटी, आता उलटा जाईल, बघ, गेला ना? आईने हात धुतलेच नाहीत, तशीच बघत राहिली.

मग गिरक्या. एक. दोन. तीन.

"थांब," मी म्हटलं.

विमान फिरतच होतं. माझ्या तोंडून चार निघालं. आईने फोनवरून नजर काढून माझ्याकडे बघितलं.

"आज एक जास्त घेतोय," मी म्हटलं. तो कधीच एक जास्त घेत नसे, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी म्हटलं. पाच आलं तेव्हा मी पुन्हा "थांब" म्हटलं. मग पडद्यावर एकदम गवत, कुणाचा तरी बूट, पळणारी माणसं. आवाज असा काही आलाच नाही. शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी तेवढी ऐकू आली.

"वर कधी येतलां गो विमान?" आईने विचारलं.

"येईल," मी म्हटलं.

कॉल तुटला. मी लावत राहिले, कुणी उचलेना. बोरिवलीच्या स्वयंपाकघरात उभं राहून माणूस करणार काय? मी गॅस बंद केला. तो चालूही नव्हता.

पुढे चौकशी झाली, कागद आला. विमान गिरक्यांतून का सुटलं नाही, ते त्यात लिहिलं होतं. मी तो दोनदा वाचला आणि रागाने कपाटात टाकला. त्याचा मित्र घरी येऊन तासभर बसला, पाण्यालाही शिवला नाही. मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण तोच रडायला लागला.

या मे महिन्यात आईने पुन्हा सोलं घातली. मी नको म्हणत होते, पण ती गच्चीवर गेलीच. मी तिच्याशेजारी बसले. ती सोलं उलटी करत होती.

"तू थांब म्हटलंस की तो थांबायचो ना गो?" ती म्हणाली. "मगे त्या दिवशी मोठ्यान कित्याक नाय म्हटलंस?"

आई वेडी नाही. विमान किती लांब होतं, ते तिलाही कळतं. पण मी खरंच हळू म्हटलं होतं.