सुडाचा उपास

आमच्या कारखान्यात तिला सगळे चमचाबाई म्हणत. चमचेगिरी करायची म्हणून नव्हे, ती तिला मेली तरी जमली नसती. तिचं कामच चमच्याचं होतं. जॅमची कढई उतरली की आधी तिचा चमचा, मग बरण्या. तिने मान हलवली की माल पुढे, ओठ मुडपले की कढई परत चुलीवर. मी पलीकडच्या टेबलावर बरण्यांना झाकणं लावते आणि राहते तिच्याच इमारतीत, बरोबर तिच्या खालच्या मजल्यावर. त्यामुळे तिचं कारखान्यातलं आणि घरातलं, दोन्ही मला माहीत. कान लावावे लागत नाहीत. तिची सासू बोलते तीच मुळी खालच्या मजल्याला ऐकू जावं म्हणून.

चमचाबाई अंगाने भरपूर. बसली की खुर्ची कुरकुरायची आणि ही उलट खुर्चीलाच दम द्यायची. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा सासूला कोण आनंद! ताटाशी उभी राहून वाढायची. "दोन जिवांची आहेस, दोघांचं खा." नको म्हटलं तर रुसून बसायची, मग हिने आणखी एक वाटी संपवल्याशिवाय रुसवा जायचा नाही. नवरा टेम्पो चालवतो. घरात मात्र त्याचा आवाज कधी कोणी ऐकलेला नाही.

त्या खेपेला अंगातली साखर वाढली होती. कळलं तेव्हा उशीर झाला होता. मूल पोटातच गेलं. ती वॉर्डात खाटेवर पडली होती, शेजारच्या खाटांवर बाळंतिणी, त्यांची माणसं, फरशी पुसणारी मावशी, मी. आणि सासू दारात उभी राहून म्हणाली, "खाऊन खाऊन पोराला मारलं हिनं."

चमचाबाईने भिंतीकडे तोंड केलं. रडली असेल तर मला दिसली नाही. घरी आल्यावर जिन्यात मला गाठून एवढंच म्हणाली, "हे वाक्य मी त्यांना परत गिळायला लावणार. त्याच वॉर्डात, लोकांसमोर."

मला ते फार आवडलं. झालं गेलं विसरून जाणारी माणसं माझ्या डोक्यात जातात.

दुसऱ्यांदा दिवस राहिले तशी ती मला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई तरुण, पण बोलायला सरळ. वजन जास्त असलं की गरोदरपणात साखर वाढायचा धोका जास्त, आणि आधी एकदा वाढलेली असली की आणखी जास्त, असं तिने काही आडपडदा न ठेवता सांगितलं. मग म्हणाली, आम्ही काही बायकांवर एक गोष्ट करून बघतोय. सकाळी उठल्यापासून दुपार कलेपर्यंत नीट, पोटभर जेवायचं. त्यानंतर दुसऱ्या सकाळपर्यंत फक्त पाणी.

"म्हणजे उपाशी राहायचं?" मी विचारलं.

"उपाशी नाही. जेवण तेवढंच, फक्त वेळ आवळायची. यानं साखर आटोक्यात राहते की नाही तेच आम्हाला बघायचंय, मी वचन देत नाही. चक्कर आली, बाळ हलायचं कमी झालं, तर लगेच खायचं आणि इकडे यायचं. आणि हे आमच्या नजरेखाली करायचं. कुणाचं ऐकून घरच्या घरी करायचं नाही."

"मी करते," चमचाबाई म्हणाली. विचार करायला वेळसुद्धा घेतला नाही.

सासूला कळलं तेव्हा खालच्या मजल्यालाच काय, रस्त्याला ऐकू गेलं. "पहिलं खाऊन मारलं, हे आता उपाशी मारणार!"

म्हणजे आता दोन वाक्यं झाली.

आमची दुपारची पाळी. चमचाबाई घरून जेवून, वर दूध पिऊन निघायची. तिथून पुढे तिचं खाणं बंद. मधल्या सुट्टीत आम्ही सगळ्या डबे उघडून बसायचो आणि ही समोर पाण्याची बाटली घेऊन. मला घास जायचा नाही. "अगं, भूक नाही का लागत?" मी विचारायची. "लागते ना. लागली की त्यांचं वाक्य आठवते. मग राहते शांत." आणि खरंच, चेहरा असा दगडासारखा व्हायचा की भूकच घाबरून पळाली असेल.

दवाखान्याने बोट टोचून साखर बघायचं यंत्र दिलं होतं. सकाळचा आकडा बरा यायचा. पाळी संपताना मात्र ती कारखान्याच्या मोरीत जाऊन बोट टोचायची आणि आकडा वर. तिथून बाहेर यायची ती दातओठ खात. तोंडात पाण्याशिवाय काही गेलेलं नाही आणि साखर वर! सुट्टीच्या दिवशी मात्र आकडा अगदी शहाणा.

"कळलं मला," एका सुट्टीनंतर ती म्हणाली. "सुट्टीला दूध मी माझं ओतून घेते. एरवी कोण देतं?"

सासू द्यायची.

मग काय विचारता! तिने साखरेचा डबा कपाटात घालून किल्ली कमरेला लावली. दूध स्वतः तापवायला लागली. सासू बिनसाखरेचा चहा पिऊन तोंड वाकडं करायची आणि हिचा जीव गार व्हायचा. "माझ्या दुधात साखर कालवतात, नातवाच्या जिवावर उठल्यात," असं तिने इमारतीत सांगितलं. मीही जिन्यात भेटेल तिला सांगितलं. अशा कामात मी हात आखडता घेत नाही. सासू बिचारी म्हणायची, "शपथ घेऊन सांगते, मी नाही," आणि कोणी विश्वास ठेवायचं नाही. जिभेला हाड नसलेल्या माणसाच्या शपथेवर कोण विश्वास ठेवणार?

आकडा तरीही खाली येईना. "आता पिठात घालत असतील," चमचाबाई म्हणाली. पण आवाजात पहिला जोर नव्हता. रात्रीची झोप गेली होती तिची. पोटावर हात ठेवून बसायची. हे मूलही गेलं तर सूड राहील बाजूला आणि सासूची दोन्ही वाक्यं खरी ठरतील, ही भीती तिला आतून पोखरत होती. माझ्याजवळ बोलली नाही, पण मला काय दिसत नव्हतं का?

दवाखान्यात नर्सने सगळे आकडे बघितले आणि विचारलं, "दुपारनंतर नक्की काही खात नाही?"

"पाण्याचा घोट सोडला तर काही नाही. हिला विचारा."

मी छातीवर हात ठेवून साक्ष दिली.

"काम काय करता तुम्ही?"

"जॅमच्या कारखान्यात आहे."

"हो, पण काय करता?"

"चव घेते."

नर्स बघतच राहिली. "कशाची?"

"जॅमची. आणि कशाची घेणार? एकेका कढईचा एकेक चमचा."

"मग ते गिळता की थुंकता?"

"थुंकून कशी चव कळेल? घशाखाली उतरताना खरी कळते," असं म्हणून चमचाबाई माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्याकडे. "पण ते खाणं थोडंच आहे? ते काम आहे!"

नर्सने कपाळाला हात लावला. मलाही तोवर कधी वाटलं नव्हतं की चमचाबाई कामावर खाते. लोहार तापलेलं लोखंड धरतो त्याला आपण शेकत बसलाय म्हणतो का? तसंच ते.

दुसऱ्या दिवशी साहेबापुढे जाऊन तिने चमचा ठेवला आणि बाळंतपण होईपर्यंत लेबलं चिकटवायचं काम मागून घेतलं. चमचा एका नव्या पोरीला मिळाला. ती पहिल्याच दिवशी करपट माल पास करून बसली. तो वास नाकात जात असताना चमचाबाई मान खाली घालून लेबलं चिकटवत होती. मी तिला कधी इतकी लहान झालेली पाहिली नव्हती. पण आकडा खाली आला आणि खालीच राहिला. साखरेचं पाणी पाजून करतात ती मोठी तपासणीही चांगली निघाली. "वेळ पाळल्यामुळे की चमचा सोडल्यामुळे, ते मला सांगता येणार नाही," डॉक्टरीण हसून म्हणाली.

घरी साखरेचा डबा मुकाट्याने परत फळीवर गेला. सासूची माफी मागितली का? छे.

मुलगी झाली. त्याच वॉर्डात. खाटा भरलेल्या, नातेवाईक दाटलेले, फरशी पुसणारी मावशीही तीच. सासू दोन्ही हात पुढे करून आली. चमचाबाईने बाळाला छातीशी घट्ट धरलं.

"आई, थांबा. आधी माझं ऐका. तुम्ही दुधात साखर घालत नव्हता. ती माझ्या चमच्याची होती. मी तुमच्यावर आळ घेतला, तो सगळ्यांदेखत परत घेते."

सासूचा चेहरा उजळला. मला वाटलं, झालं, ही मऊ पडली. माझा जीवच खट्टू झाला.

"आता तुम्ही सांगा," चमचाबाई तितक्याच शांतपणे म्हणाली. "खाऊन खाऊन मारलं म्हणालात. ताटाशी उभं राहून वाढत कोण होतं?"

मावशीचा हात फरशीवर थबकला. सासूने तोंड उघडलं, पण आयुष्यात पहिल्यांदा त्यातून काही बाहेर आलं नाही. ती खाटेच्या कडेला टेकली, पुढे केलेले हात हळूहळू पदराखाली गेले. तेच ते वाढणारे हात. मला वाटतं, तोवर ही गोष्ट तिच्या मनाला शिवलीसुद्धा नव्हती.

मग चमचाबाईने वाकून बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. म्हातारीला हात पदरातून बाहेर काढावेच लागले.

मला राग आला. नंतर दोघीच असताना मी विचारलं, "एवढं सगळं बोललीस आणि मग दिलंस कशाला मूल?"

"द्यायलाच हवं होतं," ती म्हणाली. "रिकाम्या हातांनी बसल्या असत्या तर विसरल्या असत्या. आता रोज उचलतील आणि रोज आठवेल."