अप्पांच्या बंडीचा डावा खिसा

बसवराजचा फोन आला तेव्हा मी एका सदऱ्याची काजं करत बसलो होतो. बसवराज म्हणजे आमच्या मन्मथअप्पांचा थोरला. "मास्तरकाका, अप्पा गेले," एवढं बोलला आणि थांबला. मी सुई कापडात खोचून ठेवली. मग तो हळूच म्हणाला, "पूजा आटपली, बंडी घातली, पलंगावर बसले ते बसलेच. आता आंघोळ घालायची हाय, पण बंडीला कोणी हात लावंना गेलंय. खिशात ते हाय न्हवं... तुम्ही या." ते म्हणजे पिस्तूल. उदगीरच्या अख्ख्या मोंढ्याला ठाऊक होतं की अप्पा आडतवाल्याच्या बंडीत, आतल्या डाव्या खिशात, भरलेलं पिस्तूल असतं. तो खिसा मी शिवला होता. मी चपला घालून निघालो, आणि वाटेत रडू येण्याऐवजी मला स्वतःचाच राग येत होता. का, ते सांगतो. इतकी वर्षं तोंड शिवून बसलो, आता नाही बसायचं.

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमाराची गोष्ट. पाऊस सलग दोन वर्षं रुसलेला. मोंढ्यात पाण्याचा टँकर यायचा आणि धान्याच्या पोत्यांपेक्षा घागरींची रांग लांब असायची. एका दुपारी त्या रांगेत नंबरावरून भांडण पेटलं. एका दांडग्या गड्यानं पोतं उचलायचा लोखंडी आकडा एका हमालाच्या डोक्यात घातला. हमाल तिसऱ्या दिवशी गेला. त्या दांडग्याचं नाव मी लिहीत नाही. त्याच्या नातवंडांचे शाळेचे कपडे माझ्याकडंच शिवायला येतात. बघणारे पन्नास होते, पण संध्याकाळपर्यंत सगळ्यांना मोतीबिंदू झाला. "मी तवा आत होतो," "मी पाठमोरा होतो"... फक्त अप्पा फौजदारापुढं म्हणाले, "मी पाहिलं. काट्यासमोर बसून होतो." मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "अप्पा, तुम्हालाच कशाला ही उठाठेव?" तर म्हणाले, "मास्तर, डोळ्यानं मापलंय. आता कमी कसं सांगू?" असला माणूस. मित्र म्हणून याच्या पाया पडावं की याला बदडावं, मला कधी कळलं नाही.

तो दांडगा जामिनावर सुटला आणि चौथ्या दिवशी निरोप आला: अप्पांना सांगा, लातूरचा रस्ता लांब हाय. खटला लातूरला चालणार होता. अप्पांची बायको, आमच्या काशीअक्का, दारावर टिचकी वाजली तरी दचकायच्या. त्यांचा जीव थाऱ्यावर यावा म्हणून अप्पांनी अर्ज केला, आणि नव्या जिल्ह्याच्या नव्या कोऱ्या शिक्क्याचा परवाना हातात पडला. आता हत्यार कोण निवडणार? ज्यानं आयुष्यात विळीसुद्धा नीट धरली नाही तो अप्पा, आणि सोबतीला मी, कातरीचा मालक! नांदेडला बंदुकीचं एक जुनं दुकान होतं, तिथं गेलो. मालक खानसाहेब, पांढरी दाढी, कानात अत्तराचा बोळा. त्यांनी आधी एक लांब नळीचं रिव्हॉल्वर ठेवलं. अप्पांनी दोन्ही हातांनी उचललं आणि लगेच खाली ठेवलं. "हे तर माप हाय दोन शेराचं. खिशात मावंल असं दावा." मग लहान नळीची आली, एक फिरकीचं, एक चपटं. मी टेप काढला आणि मापं घ्यायला लागलो: लांबी साडेसहा, उंची सव्वाचार, जाडी सव्वा... खानसाहेब हसून लोटपोट. "मास्टरजी, दूल्हे की शेरवानी सी रहे हो क्या?"

पण माणूस अनुभवी होता. चपट्याची करामत अप्पांना जमणार नाही हे त्यांनी लगेच ओळखलं आणि फिरकीचं लहान पुढं केलं. मग मागचा घोडा बोटानं दाखवत म्हणाले, "अप्पा, छोटा हथियार लेना आसान, जेब से निकालना मुश्किल. ये घोड़ा कपड़े में अटकता है. चमड़े का म्यान लेना." इथंच माशी शिंकली. अप्पा लिंगायत. गळ्यातल्या चांदीच्या चौक्यात इष्टलिंग, ते छातीवरून क्षणभर दूर होत नसे. त्यांच्या घरात कातड्याची वस्तू कमरेच्या वर येत नाही. पट्टासुद्धा नाही, धोतराला करगोटा. "लिंगाच्या शेजारी कातडं? न्हाई न्हाई," अप्पांनी कानाला हात लावले. खानसाहेब माझ्याकडं बघायला लागले. आणि मी, शहाणा, छाती फुगवून म्हणालो, "खानसाहेब, मी शिवतो ना खिसा. मांजरपाटाचा, दुहेरी अस्तराचा, साच्यात बसल्यासारखा. हलणार नाही." हलणार नाही! हे बोलताना माझ्या जिभेला हाड नव्हतं. मला वाटलं खिसा चांगला म्हणजे घट्ट. खिशातून वस्तू बाहेरही यावी लागते हे पन्नास-पंचावन्न वर्षं कपडे शिवूनही मला आजवर नीट उमगलंय असं म्हणवत नाही, तेव्हा तर मी पस्तिशीचा होतो.

खिसा खरंच झकास झाला. अप्पा चालले की चांदीचा चौका आतल्या लोखंडावर टक टक वाजायचा. "दोघं आपसात बोलून राहिलेत," अप्पा म्हणायचे, पण हसायचे नाहीत. हत्यार आलं आणि माणूस घरात असून कोंडला. लग्नाच्या पंगतीत बसायचे नाहीत, कोणी अंगावर कलंडलं तर? बसवराज तेव्हा लहान, तो धावत आला की अप्पा दोन पावलं मागं सरायचे. पोरगं रडायचं. दुपारी दुकानात लोडाला टेकायची सवय होती, ती गेली. ताठ बसायचे आणि दारातून येणाऱ्या प्रत्येक माणसाचे हात बघायचे. एकदा खिशावर हात ठेवून मला म्हणाले, "मास्तर, त्यानं मला न्हाई बांधलं. ह्यानं बांधलं." मी विषय बदलला. गाठ मारणारा मीच.

साक्षीची तारीख आली. आम्ही दोघं सकाळच्या एसटीनं लातूरला उतरलो. ऊन असं की डांबर चपलेला चिकटावं. फाटकाकडं निघालो तोच गर्दीतून एक म्हातारा सरळ अप्पांवर चालून आला. खांद्यावर घोंगडी, उजवा हात घोंगडीत, आत काहीतरी धरलेलं. अप्पांचा हात बंडीत गेला. मी बघतोय... हात आत गेला आणि बाहेर येईना. घोडा माझ्या दुहेरी अस्तरात अडकला होता. म्हाताऱ्यानं घोंगडी सारली. आत तांब्या होता! पाणी उघड्यावर नेलं तर दहा जण मागतील म्हणून झाकून आणलेलं. "अप्पा, मी त्याचा बाप," तो म्हणाला, "उन्हाचं आलात. पाणी घ्या. माझ्या पोराला सांभाळा, एकुलता हाय." अप्पांच्या कपाळावर घाम. उजवा हात आत, बोट कुठं आहे ते त्यांनाच ठाऊक. सोडलं तर गोळी सुटेल, ओढलं तरी सुटेल. आणि दुष्काळात कोणी पाणी पुढं केलं तर नाही म्हणायचं नसतं. अप्पांनी डावा हात पुढं केला. डाव्या हातानं तांब्या घेतला, वरून घोटभर प्यायले, डाव्या हातानंच परत दिला. म्हणाले, "बाबा, पाणी गोड हाय. पण पाहिलं ते बोलंन." म्हातारा तांब्याकडं बघत राहिला. शब्दाचं त्याला इतकं लागलं नाही. त्या डाव्या हाताचं लागलं. माझ्या डोळ्यांदेखत त्याचा चेहरा विझला.

स्टँडच्या भिंतीआड जाऊन मी लहान कातरीनं अस्तर कापलं तेव्हा अप्पांचा हात सुटला. बोटं पांढरी पडली होती. "मास्तर," ते म्हणाले, "तुमचा खिसा सैल असता तर मी आज तांब्या धरलेल्या माणसाला मारलं असतं." मग कोर्टाच्या दारात हत्यार हवालदाराकडं जमा करून अप्पा आत गेले आणि जे पाहिलं ते मापात मापून सांगितलं. त्या गड्याला शिक्षा झाली. त्याचा बाप तो आत असतानाच गेला. अप्पा मातीला निघाले होते, पण भावकीनं निरोप धाडला, डावखुऱ्या सावकारानं येऊ नये. अप्पा दारातूनच परत फिरले. माफी मागायची तर हात का अडकला होता ते सांगावं लागलं असतं, आणि ते सांगितलं तर अप्पाचं पिस्तूल खिशातून निघत नाही हे साऱ्या मोंढ्याला कळलं असतं. तो गडी आज ना उद्या सुटून येणारच होता. म्हणजे धड माफी मागता येईना, धड गप्प बसवेना. मला म्हणाले, "तुम्हाला तुमच्या काशीअक्काची शपथ हाय मास्तर, मी मेल्याशिवाय हे बोलायचं न्हाई." मी शब्द दिला.

मग आम्ही पुन्हा नांदेडला गेलो आणि ते पिस्तूल खानसाहेबांच्या तिजोरीत रीतसर पावती घेऊन ठेवून आलो. पण रिकामा खिसा दिसला की समोरच्याला रान मोकळं. अप्पांनी तोडगा काढला. पिस्तूल देण्याआधी त्यांनी ते आपल्या काट्यावर तोललं होतं: साडेसहाशे ग्रॅम. दुकानातलं लोखंडी अर्ध्या किलोचं माप, वर शंभर आणि पन्नास, अशी तीन वजनं माझ्यापुढं ठेवली. "ह्यांची पिशवी शिवा, वाजायला नको." मी म्हणालो, "अहो, नुसतं अर्ध्या किलोचं ठेवा की, कोण मोजतंय?" तर डोळे वटारले. "वजनात फसवणूक नको, मास्तर." आता बोला! खोटं पिस्तूल, पण खरं वजन. तेव्हापासून दर दोन वर्षांनी नवी बंडी, तसाच डावा खिसा. तो गडी सुटून आला, मोंढ्याच्या कोपऱ्यावर रसाचा गाडा लावला, पोराबाळांचा झाला. पण अप्पांच्या दहा पावलांच्या आत कधी आला नाही. अप्पा समोरून आले की तो रस्ता बदलायचा, आणि अप्पा त्याच्या गाड्यावरून जाताना ताठ. दोन म्हातारे, एका खिशाला भिऊन जन्मभर कोंडलेले. आणि दोघांचे कपडे शिवणारा मी, दोघांकडून ऐकायचा, सांगायचा कोणालाच नाही.

घरी पोचलो तर माणसं भिंतीला टेकून उभी. अप्पा पलंगावर, मान किंचित कललेली, डोळे मिटलेले. मी जवळ बसलो, बंडीचे बंद सोडले, खिशात हात घातला आणि पिशवी बाहेर काढली. एक बाई ओरडलीसुद्धा. मी वजनं काढून पलंगावर मांडली, अर्धा किलो, शंभर, पन्नास. बसवराज बघतच राहिला. "काका, मग मी लहानपणी धावत आल्यावर अप्पा मागं सरायचे ते...?" मी म्हणालो, "तेव्हा खरं होतं रे. नंतर सवय झाली." त्यानं ते शंभरचं वजन मुठीत धरलं आणि मोठ्यानं रडला. मग मीही रडलो.

अप्पांना लिंगायतांच्या रीतीनं बसवून नेलं, हातात लिंग, कपाळाला भस्म. मातीच्या जागी तो रसवाला आला होता. दहा पावलांवर उभा. मेलेल्या माणसापासूनसुद्धा दहा पावलं! मी बंडी आणि वजनं घेऊन त्याच्याकडं गेलो आणि लोखंड त्याच्या हातावर ठेवलं. "हे होतं खिशात." त्यानं ते उलटंपालटं केलं. "आणि खरं?" "ते एकदाच बाहेर काढायला गेले, लातूरच्या स्टँडवर. तुझ्या बापाला बघून. घोडा माझ्या अस्तरात अडकला, उजवा हात आत राहिला. म्हणून पाणी डाव्या हातानं घेतलं. तुझ्या बापाचा अपमान त्यांनी केला नाही. माझ्या शिलाईनं केला." त्यानं ते तळहातावर तोललं. मग म्हणाला, "बा मरंपतोर तेवढंच बोलायचा, मास्तर. माझं कुणी कायबी करा, पण माझं पाणी डाव्या हातानं का घेतलं... शिक्षेचं न्हाई बोलला कधी." वजनं त्यानं मला दोन्ही हातांनी परत दिली. मग ती दहा पावलं चालत खड्ड्याशी आला, उजव्या हातानं मूठभर माती घेतली आणि घातली.

बसवराजनं पावती घेऊन पिस्तुलाचं काय करायचं ते रीतसर केलं. वजनं दुकानातल्या काट्याशी परत गेली. बंडी मात्र मी मागून घेतली. माझ्या मशीनच्या वर खुंटीला टांगली आहे. परवा धुतली, कांजी केली, कडक इस्त्री फिरवली. तरी डावा खिसा खाली ओघळलेलाच राहिला आहे, आत साडेसहाशे ग्रॅम असल्यासारखा.