उत्तरेस काकू

आमच्या किन्हवलीच्या धाकट्या काकूएवढा कायदा ब्रह्मदेवालाही येत नसावा. येत असता तर जग निर्माण करताना त्याने चतुःसीमा नीट लिहून घेतल्या असत्या. खरेदीखतात पूर्वेस काय, पश्चिमेस काय असं लिहितात ना, तसं काकू कशाबद्दलही सांगायची. मीठ मागितलं की, "पूर्वेस चूल, पश्चिमेस मसाल्याचा डबा, मध्ये हाय बघ." आणि मीठ तिथेच सापडायचं.

याचं मूळ तिच्या माहेरच्या भातखाचरात होतं. बापाच्या खतात "उत्तरेस ओहोळ" एवढंच लिहिलेलं. एका पावसाळ्यात ओहोळाने वाट बदलली आणि अर्धं खाचर शेजाऱ्याचं झालं. "वकील भांडतो रे," काकू म्हणायची, "सॉलिसिटर भांडणाला जागाच ठेवत नाय. कागदच तसा करतो." म्हणून लेक सासरी गेल्यावर ही बाई चाळिशीत कायद्याच्या कॉलेजात जाऊन बसली. पदवी मिळाली तेव्हा शहापूरच्या वकिलांनी सांगितलं, सनद घ्या आणि इथेच बसा. ती ऐकते कसली! मुंबईच्या एका सॉलिसिटरकडे तीन वर्षं आर्टिकलशिप केली, म्हणजे पोराच्या वयाच्या साहेबांच्या हाताखाली दस्त लिहायला शिकली. मग सॉलिसिटरची ती परीक्षा, जिथे भल्याभल्यांना घाम फुटतो. काकू दोनदा नापास झाली. मला वाटलं, संपलं. तिने मात्र दोन्ही निकाल देव्हाऱ्यात ठेवून त्यांना हळदकुंकू वाहिलं. म्हणाली, "रुसल्या देवाला जास्तच पुजायचं असतं."

तिसऱ्या खेपेला चुका काढायचा सराव म्हणून तिने मला आमच्या घराचं खत लिहायला बसवलं. काकूचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून. मी आपलं लिहिलं, "उत्तरेस काकू."

"हलतं ते सीमा नाय रे!" ती ओरडलीच. "त्यापायीच माझ्या बापाचं खाचर गेलं. माणसाला कधी सीमा लिवू नको. भिंत लिव, बांध लिव."

त्या खेपेला ती पास झाली. मी भर अंगणात तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि खरं सांगतो, रडलो. असं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

आता ती मुंबईतच असते. कागदांतून मान वर काढायला तिला सवड नसते, गणपतीलाही आली तर आली. तिच्या घराला कुलूप आहे. परवा आमच्या घराला बायकोचं नाव लावायचं म्हणून मी शहापूरला कागद करायला गेलो होतो. लिहिणाऱ्याने मान खाली घालूनच विचारलं, "उत्तरेस काय?"

ओठांवर आलेलं मी गिळलं आणि म्हणालो, "भिंत."