काळजाचा का मोटरीचा?

भावकीत कुणी गेलं की मरणाची नोंद करायला मलाच धाडतात, त्यामुळं कचेरीतल्या नोंदणी कारकुनाशी माझी झकास गट्टी जमली. हा गडी मयताच्या नावाआधी गाव विचारतो आणि कान खाजवत मरणाचं कारण ओळखतो. "आटपाडीकडं ऊन आन् साप. तुमच्या कृष्णाकाठाला साखर आन् मोटर!"

परवा चुलत्यांची नोंद करायला गेलो. मळ्यात पडलेले सापडले होते. मी ऐटीत म्हणालो, "झटका आला."

"काळजाचा का मोटरीचा?"

"काळजाचाच की!"

"पडले कुठं?"

"मोटरीच्या पेटीपाशी."

त्याचं पेन थांबलं. "आवं, आज मळ्यात पाणी कोन धरतंय?"

"चुलतभाऊ. त्याच मोटरीवर."

त्यानं मला तिथंच फोन लावायला लावला, स्पीकरवर. घंटी वाजतच राहिली. शेवटी भाऊ म्हणाला, "दादा, दम धर. लाईट आलीया, तेवढं बटण दाबून येतो."

"हात लावू नगंस!" माझ्याआधी कारकूनच ओरडला.

पलीकडं बराच वेळ नुसती पाखरं ऐकू आली. मग भावाचा बारीक आवाज आला, "टेस्टर लावला, दादा. पेटीच्या पत्र्यातच करंट हाय."

कारकुनानं आधी त्याला वायरमन बोलवायला लावला. मगच पेन उचललं.