सुजलेल्या अंगठ्याचं माहेर: आटगाव ते सिद्धगडचा पायथा

अंगठा सुजला म्हणून मी माहेरी गेले, हे सांगितलं तर कोणाला पटत नाही. सुजल्या पायानं लोक दवाखान्यात जातात. मीही आधी तिथंच गेले होते. तिथूनच पुढं माहेरचा रस्ता लागला.

मला लिहिता येत नाही. मी बोलते, माझी नात लिहिते. माझ्या बोलण्याला इस्त्री करू नकोस असं तिला बजावलंय, तरी ती थोडी फिरवतेच.

झालं असं. दिवाळीनंतर भात झोडून झालं आणि आटगावच्या बाजूला आमच्या पाड्यावर तपासणीवाले आले. खेड्यापाड्यांत लोकांच्या रक्तात युरिक ॲसिड वाढतंय, ते कशानं, हे त्यांना शोधायचं होतं. शाळेच्या ओट्यावर रक्त काढायचे आणि विचारायचे. दारू पिता का? मटण किती वेळा? सुकी मासळी? बाटलीतलं गोड थंड? पाणी पुरेसं पिता का? आमच्या पाड्यावर एकही माणूस दारू पीत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मटणही कोणी खात नाही. हळदीला आणलेले बोकड बहुतेक पाहुणचार घेऊन आपापल्या घरी परत जात असावेत.

मग आकडे आले. न पिणाऱ्या, न खाणाऱ्या बऱ्याच जणांचे वर निघाले. माझाही निघाला, आणि मी खरंच पीत नाही. अंगठा सुजला होताच, म्हणून सुनेला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, "आजी, भावाबहिणीत आणखी कोणाला आहे का? हे घराण्यातूनही येतं. आणि दुखलं तरी मनानं दुकानातल्या गोळ्या घेऊ नका, मूत्रपिंडं जातात."

सून शेजारीच होती. तिचा चेहरा खुलला. "म्हणजे आपल्या घरातलं नाय. आईंच्या माहेरचं हाय."

"तुजा नवरा अर्धा माज्या माहेरचाच हाय गो," मी म्हटलं. चेहरा परत मिटला.

माहेरी आता एकच भाऊ, थोरला. त्याला फोनवर विचारलं तर म्हणाला, "मला काय झालंय? मी ठणठणीत." माणूस न विचारता ठणठणीत म्हणाला तर खरं समजावं, पण विचारल्यावर इतक्या घाईनं म्हणाला की गाडी धरावी. मी धरली.

नात म्हणते भाडं सांग, लोक तेच वाचतात. तर शहापूरपर्यंत टमटम. शहापूर स्टँडवरून किन्हवली, सरळगाव करत मुरबाडची एस.टी. बायांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीपुढं फुकट. आधार कार्डावर माझं वय मास्तरांनी अंदाजानं टाकलं होतं, तो अंदाज आता कामाला येतो. डाव्या हाताची खिडकी धरा, डोंगर त्या बाजूला आहेत. रस्ता किन्हवलीपर्यंत बरा, पुढं मधूनमधून आहे.

माझ्या पुढच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. एकीचा पाय चपलेत मावत नव्हता.

"युरिक निघालं. डाल बंद केली, टमाटा बंद, पालक बंद."

"मग खाता काय?"

"मटन."

"ते चालतं?"

"चालत नाय असं बोलले नायत. आमी विचारलंच नाय."

मागून कंडक्टर म्हणाला, "मावशी, पाणी प्या भरपूर." ती म्हणाली, "पाणी पिऊन या गाडीत कुठं जाऊ?" त्यावर कंडक्टरनं दुसऱ्याचं तिकीट फाडायला घेतलं. आम्ही बाया दिवसभर शेतावर घोटभर पाण्यावर काढतो, ते काही तहान लागत नाही म्हणून नव्हे. तपासणीवाल्यांनी किती पिता ते विचारलं, का पीत नाही ते राहून गेलं.

मुरबाडला स्टँडसमोर वडापाव गरम मिळतो. दोन खाल्ले. बटाट्यावर अजून कोणाची बंदी आलेली नाही. तिथून म्हसा, नारिवलीकडं जीप. ती भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली की नाही हे ड्रायव्हर ठरवतो. पुढं वळणावर सिद्धगड समोर येतो. शहरातली पोरं तिथं गाडी थांबवून फोटो काढतात. आम्ही लहानपणी त्याच्याकडं बघायचो ते ढोरं कुठवर चढली एवढ्यासाठी. अजूनही माझी नजर आधी ढोरंच शोधते.

दादा ओटीवर बसला होता, पायावर घोंगडी. गळ्यात माळ. माळ घालून त्याला खूप वर्षं झाली, दारू नाही, मटण नाही, मासळीचा वासही नाही. मी पुढं झाले तशी वहिनी आडवी आली.

"वन्सं, पाया पडायचं नाय हां. ह्यांनी बंद केलंय. बोलतात, माणसानं माणसाला वाकू नये, देव आत बगावा."

शेजारची म्हातारी हात जोडून म्हणाली, "दादा फार वर गेला गो. पोरं आता लांबूनच नमस्कार करतात. सप्त्यात भाषण द्यायला पण ह्यालाच उभा करतात."

"उभा राहतो?" मी विचारलं.

"नाय, बसूनच देतो. साधा माणूस."

मी धाकटी बहीण. जन्मभर आल्या आल्या ज्याच्या पाया पडले, त्याला म्हातारपणी कसं सोडू? वाकले. त्यानं पाय आत ओढायच्या आधी माझा हात नेमका उजव्या अंगठ्यावर बसला. त्यानंतर दादा जे बोलला ते लिहायला नातीनं नकार दिलाय. गळ्यातल्या माळेनंही ते पहिल्यांदाच ऐकलं असावं.

सकाळी न्हाणीच्या चुलीपाशी तो एकटा सापडला.

"दाखव."

"काय?"

"आतला देव."

त्यानं पाय पुढं केला. अंगठ्याचं मूळ लाल, चकचकीत, वांग्यासारखं फुगलेलं. माझ्या अंगठ्याचा सख्खा भाऊ.

"दवाखान्यात का नाय गेलास?"

"गेलो तर लोक काय बोलतील? ते तपासणीवाले इथं पण आलेले, दोन वर्सांमागं. तवापासून गावात पक्कं झालंय, अंगठा सुजला म्हणजे हा पितो. मी माळकरी माणूस, सखू. पीत असतो तर गेलो असतो."

"मग काय करतोस?"

कोपरीच्या खिशातून गोळ्यांची पट्टी निघाली. दुखणं दाबायच्या, स्टँडवरच्या दुकानातल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, लोक येणार असले की आणखी एक. दोन वर्षं. तेव्हा माझी नजर वर गेली. त्याचे दोन्ही घोटे सुजले होते.

"हे काय?"

"काय की. लघवी पण कमी झालीय," तो सहज म्हणाला, पडसं झाल्यासारखं.

इथवर मला हसू येत होतं. मग आलं नाही. माझा एकच भाऊ उरलाय, आणि तो इज्जतीपायी मूत्रपिंडं घालवत बसला होता.

"मला पण हाय," मी म्हटलं. "मी पिते?"

"तू काय करतेस ते माज्या गावाला काय ठावं?"

"बरं. आईचा पाय आठवतो? थंडीत अंगणात टाचेवर चालायची. मी निरगुडीचा पाला गरम करून बांधायचे. आई प्यायची?"

दादानं चुलीतलं लाकूड आत सारलं. "आईनं तर मोहाच्या झाडाखालून जायचं पण टाळलं."

"मग?"

"मग हे आईचं?"

"आईचं. दोघांना सारखं वाटून दिलंय."

तो अंगठ्याकडं बघत राहिला. पहिल्यांदाच न रागावता. "जाऊ," म्हणाला. "पण गावातलं कोणी नको."

मुरबाडच्या दवाखान्यात पहिल्याच बाकड्यावर त्याच्याच गावचा बाळू बसला होता. बाळूचं पिणं म्हशापासून मुरबाडपर्यंत सगळ्यांना माहीत. त्याचाही पाय फडक्यात बांधलेला. "या दादा," तो मोठ्यानं म्हणाला. "तुमचं पण काय?"

दादा दारातच थांबला. माझ्या खांद्यावरचा त्याचा हात घट्ट झाला. बाहेर परतीची जीप उभी होती. मी काही बोलले नाही, आणि मला ते किती जड गेलं हे माझ्या सुनेला विचारा. दादानं एकदा जीपकडं बघितलं, मग लंगडत जाऊन बाळूशेजारी बसला.

"हां," म्हणाला. "माजं पण."

बाळूनं आनंदानं जागा करून दिली. "मी सांगत होतो लोकांना, दादा आपल्यातलाच हाय."

आत डॉक्टरीणबाई तरुण होत्या. दारू विचारली. दादा नाही म्हणाला. मी आईचं सांगितलं. "असं होतं," त्या म्हणाल्या. "घराण्यात असलं तर न पिणाऱ्यालाही होतं." हे जरा दाराकडं तोंड करून परत सांगा, म्हटलं. त्यांनी सांगितलं. बाळूला पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. युरिक ॲसिड माझ्याहून वर. थोरला भाऊ, मान त्याचाच. मूत्रपिंडांना मार बसला होता, पण अजून सावरतील असं बाई म्हणाल्या. दुकानातल्या गोळ्या त्या क्षणापासून बंद, दुसऱ्या लिहून दिल्या, पाणी भरपूर. दादानं खिशातली पट्टी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली.

घरी आले त्या संध्याकाळी अख्ख्या आळीला सुनेकडून कळलं की हे सगळं माझ्या माहेरचं. खरंच आहे ते. मी तिला अडवलं नाही. माझा मुलगा मात्र तपासणी करून आला, तेवढं झालं.

तुम्ही त्या बाजूला जाणार असाल तर थंडीत जा. डोंगर स्वच्छ दिसतो. आणि घरातल्या ज्या म्हाताऱ्याची साधी राहणी अलीकडंच फार वाढली असेल, त्याचा पाय एकदा बघून घ्या.

परवा दादाचा फोन आला.

"गावात बोलतात, मी लपून प्यायचो. सप्त्याचं भाषण दुसऱ्याला दिलं."

"मग?"

"मग काय. सूज उतरली. लघवी साफ होतेय," तो म्हणाला. आणि वर, "बाळूला पण नेतो उद्या दवाखान्यात. त्या दिवसानंतर एकटा गेलाच नाय तो."